पर्यायाची चव : स्वीडिश-अमेरिकन घरातील बालपण आणि त्याचे वाङ्मय

बालपणाच्या आठवणी सांगणाऱ्या लेखनात अन्नाचे वर्णन आले, की वाचकाची चिकित्सक वृत्ती काहीशी सैल होते. आईच्या हातची चव हा विषयच असा आहे, की त्यावर आक्षेप घेणे अरसिकपणाचे वाटते. लेखकालाही हे ठाऊक असते. म्हणून कित्येक आत्मचरित्रांत जेथे अनुभव विरळ असतो, तेथे स्वयंपाकघर उभे केले जाते आणि पदार्थांच्या नावांवर भावनेचा भार टाकला जातो. अशा वर्णनांचे वाङ्मयीन मोल ठरवायचे, तर त्यांत कोणते पदार्थ आले आहेत एवढे पाहून भागत नाही. त्या घरातील माणसांनी काय सोडले, काय धरून ठेवले आणि कशाच्या जागी काय आणले, याचा हिशेब त्या वर्णनात उमटला आहे की नाही, हे पाहावे लागते.

स्थलांतरितांच्या घरात वाढलेल्या मुलांच्या आठवणींबाबत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. अशा घरात आईवडिलांना एक देश आठवत असतो. मुलाने तो देश पाहिलेलाच नसतो. आईवडिलांची स्मृती त्याच्यापर्यंत दोनच वाटांनी येते, एक घरातली भाषा आणि दुसरी घरातले ताट. भाषा तो पुढे शाळेत आणि रस्त्यावर हळूहळू गमावतो. ताट मात्र त्याच्यासमोर रोज येत राहते. तेव्हा मोठेपणी तो जे आठवतो, ती मूळ देशाची आठवण म्हणावी, की त्या देशाच्या अभावाची? स्वीडनमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांविषयीच्या तीन कृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. त्या कृती म्हणजे विल्हेल्म मोबर्ग यांची स्थलांतरितांविषयीची चार भागांची कादंबरीमाला (१९४९ ते १९५९), विला कॅथर यांची 'ओ पायोनियर्स!' (१९१३) ही कादंबरी आणि कवी कार्ल सँडबर्ग यांचे 'ऑलवेज द यंग स्ट्रेंजर्स' (१९५३) हे बालपणाचे आत्मचरित्र. यांपैकी खऱ्या अर्थाने बालपणाच्या आठवणी म्हणता येतील अशा केवळ सँडबर्ग यांच्या आहेत. उरलेल्या दोन कृती त्या आठवणींच्या अलीकडची आणि पलीकडची बाजू दाखवतात.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत बारा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे अमेरिकेला गेली. १९०० साली स्वीडनची लोकसंख्या सुमारे ५१ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या स्थलांतराचा आकार कळतो. लोकसंख्येची वाढ, वारसांत विभागून तुटपुंज्या होत गेलेल्या खडकाळ शेतजमिनी, काहींच्या बाबतीत राज्यमान्य धर्मपीठाशी झालेला विरोध आणि १८६७ ते १८६९ या काळातील नापिकी ही त्याची ठळक कारणे. इलिनॉय राज्यात बिशप हिल ही स्वीडिश धर्मपंथीयांची सामुदायिक वसाहत १८४६ मध्येच उभी राहिली होती. तिथून अनेक जण जवळच्या गेल्सबर्ग गावी आले. याच गावी १८५५ मध्ये 'हेमलांडेट' हे स्वीडिश वृत्तपत्र सुरू झाले. त्याच्या पूर्ण नावाचा अर्थ 'मायभूमी, जुनी आणि नवी' असा होतो. दोन मायभूमींना एकाच शीर्षकात बसवू पाहणाऱ्या या गावात ६ जानेवारी १८७८ रोजी कार्ल सँडबर्ग यांचा जन्म झाला.

स्वीडिश-अमेरिकन घरातील अन्न म्हटले, की आज साधारणपणे सणाचे ताट डोळ्यांसमोर येते. नाताळातला लूटफिस्क, म्हणजे वाळवलेला मासा खाराच्या पाण्यात भिजवून, मग स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून मऊ केलेला. खारवलेले हेरिंग मासे. राय या धान्याच्या पिठाचा, किंचित गोडसर असा लिम्पा पाव. लिंगोन या आंबट लाल फळांचा मुरांबा. दुधात शिजवलेला भात. आणि पहाटेच्या प्रार्थनेहून परतल्यावर घेतलेली कॉफी. हे ताट टिकून राहिले आहे. नातवंडे-पतवंडे स्वीडिश भाषा विसरली तरी चर्चच्या तळघरातील सामुदायिक जेवणांतून लूटफिस्क शिल्लक राहिला. सणाच्या पदार्थाला समाज सांभाळतो. त्याची पाककृती लिहून ठेवली जाते, त्याचा दिवस ठरलेला असतो, आणि तो खाणे हीच ओळखीची खूण बनते.

परंतु वर्षाचे उरलेले दिवस त्या घरात काय शिजत होते? रोजचे ताट पर्यायांनी भरलेले होते. जे मिळत नाही त्याच्या जागी जे मिळेल ते, अशी ती अखंड तडजोड होती. लिंगोनऐवजी माळरानावरची रानफळे, राय व सातू यांच्या सोबतीला आणि पुष्कळदा त्यांच्या जागी गहू व मका. हे पर्याय कोणी जपून ठेवले नाहीत, कारण त्यांचा अभिमान धरावा असे त्यांत काही नव्हते. ते जपण्याचे काम वाङ्मयाचे आहे. स्थलांतरिताच्या घराविषयीचे लेखन सणाच्या ताटाशी थांबते, की पर्यायाच्या ताटापर्यंत पोहोचते, या कसोटीवर प्रस्तुत तीन कृती पाहता येतील.

मोबर्ग यांची कादंबरीमाला कालक्रमाने या तिन्हींत शेवटी लिहून पूर्ण झाली. पण तिचा आरंभ सर्वांत आधीच्या काळात होतो. दक्षिण स्वीडनमधील स्मोलांद प्रांतातले कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना हे शेतकरी जोडपे तिच्या केंद्रस्थानी आहे. मोबर्ग स्वतः १८९८ मध्ये याच प्रांतात जन्मले. त्यांचे अनेक नातलग अमेरिकेला गेले होते; ते मात्र मागे राहिलेल्यांच्या घरात वाढले. कार्ल ऑस्करला देश सोडण्याची ओढ आहे आणि क्रिस्तिनाचा त्याला विरोध आहे. तिचा विरोध मोडतो तो कोणत्याही युक्तिवादाने नव्हे. नापिकीच्या वर्षी घरातल्या समारंभासाठी सातूची लापशी शिजवलेली असते. दीर्घकाळ अर्धपोटी राहिलेली त्यांची थोरली मुलगी आना ती लापशी हावरेपणाने खाते आणि तिच्या उपाशी आतड्यांना ती सोसत नाही. मुलगी तळमळून मरते, आणि त्यानंतर आई जाण्यास तयार होते.

या प्रसंगाचे सामर्थ्य त्याच्या विपरीततेत आहे. उपासमारीचे चित्रण करताना रिकामे भांडे दाखवणे ही रूढ रीत होय. मोबर्ग भरलेले भांडे दाखवतात. वर्षभर नसलेले अन्न एका दिवसापुरते घरात येते, तेही पाहुण्यांसाठी, आणि ते मुलाच्या जिवावर उठते. सणाचे ताट आणि रोजचे ताट यांतील अंतर येथे एका लहान मुलीच्या मृत्यूने मोजलेले आहे. अमेरिकेतील स्वीडिश घरांत पुढे मुलांना भरपेट वाढण्याचा जो आग्रह दिसतो, पाव वाया जाऊ न देण्याची जी धास्ती दिसते, तिचे मूळ अशा प्रसंगांत शोधावे लागते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला ती धास्ती वडिलांचा चिक्कूपणा वाटते. तिच्या मागची लापशी त्याने पाहिलेली नसते.

विला कॅथर स्वीडिश नव्हत्या. त्या १८७३ मध्ये व्हर्जिनियात जन्मल्या, आणि १८८३ मध्ये नऊ वर्षांच्या असताना कुटुंबाबरोबर नेब्रास्काच्या माळरानावर आल्या. तेथे त्यांच्या आसपास स्वीडिश, बोहेमियन, जर्मन अशी स्थलांतरितांची घरे होती. म्हणजे त्यांची नजर शेजाऱ्याची आहे. पण ज्याला स्वतःलाही एक मुलूख सोडून यावे लागले आहे अशा शेजाऱ्याची. 'ओ पायोनियर्स!' मधील श्रीमती बर्गसन ही व्यक्तिरेखा या नजरेतून घडली आहे. आसपासचे लोक गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या घरांत राहत असताना ही बाई ओंडक्यांच्या घरासाठी हट्ट धरते. उन्हाळ्यात दोनदा ती मुलांना वीस मैल दूरच्या नदीवर मासे धरायला पाठवते, कारण माशांवाचून तिला चैन पडत नाही.

फळे टिकवून ठेवण्याचा तर तिला ध्यासच आहे. ओढ्याकाठच्या झुडपांत ती रानद्राक्षे आणि रानटी आलुबुखार शोधत हिंडते. काहीच चांगले हाताला लागले नाही, तर जमिनीलगत वाढणाऱ्या, रसभरीच्या जातीच्या बेचव फळांत लिंबाची साल घालून ती पिवळा मुरांबा करते. टोमॅटोही तिच्या बरणीतून सुटत नाहीत. उग्र वासाच्या एका रानशेंगेवरही तिने प्रयोग करून पाहिलेला आहे. कॅथर हे सारे किंचित विनोदाने सांगतात आणि तो विनोद फार महत्त्वाचा आहे. या बाईला मुरांबा खायचा आहे असे वाचकाला कुठेही वाटत नाही. तिला मुरांबा घालण्याची कृती हवी आहे. फळ कोणतेही असो, साखर, पातेले, उकळी आणि बरणी हा क्रम अबाधित राहिला, की तिचा मोडलेला संसार पुन्हा जागेवर बसतो. येथे पदार्थ बदललेला आहे. टिकून राहिली आहे ती रीत. पर्यायाच्या स्वयंपाकघराचे व्याकरण इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी मांडले असेल.

कॅथर यांच्या चित्रणाची मर्यादाही येथेच दिसते. श्रीमती बर्गसनच्या मुलांना तो बेचव मुरांबा कसा लागत होता, हे कादंबरी सांगत नाही. शेजारची नजर बरणीपर्यंत जाते, मुलाच्या जिभेपर्यंत जात नाही. तेथे जायचे तर घरातला साक्षीदार हवा, आणि तो आपल्याला सँडबर्ग यांच्या रूपाने मिळतो.

'ऑलवेज द यंग स्ट्रेंजर्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा सँडबर्ग पंचाहत्तर वर्षांचे होते. 'शिकागो पोएम्स' (१९१६) चे कवी आणि लिंकनचे चरित्रकार म्हणून त्यांची कीर्ती स्थिरावलेली होती. अशा वयात व अशा स्थानावरून लिहिलेली बालपणाची कहाणी स्वतःच्या गरिबीला सोनेरी मुलामा देईल, अशी भीती वाटणे साहजिक आहे. पुस्तकाच्या आरंभीच मात्र ती भीती बरीचशी दूर होते. आपला जन्म मक्याच्या कणसांच्या सोलपटांनी भरलेल्या गादीवर झाला, असे ते सांगतात. पुढे घरात नऊ माणसे झाली तरी त्याच गाद्या होत्या. पिसांच्या गादीचा स्पर्शच कोणाला ठाऊक नसल्यामुळे आहे त्यात सारे समाधानी होते, अशी पुस्तीही ते जोडतात. सातू आणि राय खाणाऱ्या मुलखातून आलेल्या आईबापांचे मूल मक्यावर जन्माला येते. घरात अमेरिका प्रथम शिरली ती अशी, ताटाखालून आणि अंथरुणाखालून. सँडबर्ग यावर कोणतेही भाष्य करत नाहीत, आणि त्यामुळेच हा तपशील मनात राहतो.

वडील ऑगस्ट रेल्वेच्या कारखान्यात लोहाराचे मदतनीस होते. मजुरी तासाला १४ सेंट, दिवस दहा तासांचा, आठवडा सहा दिवसांचा. त्यांना स्वीडिश बायबल वाचता येई, लिहिता मात्र येत नसे. त्यांचे मूळ आडनाव वेगळे होते. एकाच नावाचे अनेक स्वीडिश मजूर असल्याने होणारा घोटाळा टाळण्यासाठी त्यांनी ते बदलले, असे घरात सांगितले जाई. मुलानेही लहानपणी कार्ल हे नाव बाजूला ठेवून चार्ल्स हे नाव धरले, कारण ते अधिक अमेरिकन वाटे. पुढे विवाहानंतर तो मूळ नावाकडे परतला. ज्या घरात नावेदेखील पर्यायी होती, तेथे लोण्याला पर्याय निघाला यात नवल नाही. आई क्लारा आणि वडील घरात स्वीडिश बोलत आणि मुलाच्या तोंडी प्रथम तीच भाषा आली. इंग्रजी आली ती रस्त्यावरून आणि शाळेतून.

१८९३ ची आर्थिक मंदी हा या पुस्तकाचा, निदान प्रस्तुत दृष्टीने, मध्यबिंदू मानता येईल. रेल्वेच्या कारखान्यातील दहा तासांचे काम चार तासांवर आले. पगाराबरोबर ताटही आक्रसले. लोणी गेले, पावावर डुकराची चरबी लावून वर मीठ भुरभुरून मुले खाऊ लागली. सँडबर्ग सांगतात की त्यांना ते आवडले. वाचकाने येथे थांबावे. ते आवडले, या कबुलीत मुलाचा प्रामाणिकपणा आहे. आणि वृद्ध लेखकाने ती कबुली तशीच राहू दिली, यात त्याचा संयम आहे. भावुक लेखकाने या पावावर अश्रू ढाळले असते. बंडखोर लेखकाने त्याचे आरोपपत्र केले असते. सँडबर्ग एकाच घासात दोन सत्ये ठेवतात. मुलासाठी ती एक नवी चव आहे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बापासाठी ती, इतक्या दूर येऊनही पुन्हा गाठ पडलेली जुनी भीती आहे. बाप काही बोलत नाही. त्याच्या मौनाचा अर्थ लावण्यासाठी मोबर्ग यांच्या कादंबरीतील लापशीचे भांडे आठवावे लागते.

मंदीच्या आदल्याच वर्षी, १८९२ मध्ये, त्या घरावर दुसरा आघात झालेला होता. एमिल आणि फ्रेड ही कार्लची धाकटी भावंडे घटसर्पाने एकाच दिवशी गेली. त्या सुमारास कार्ल दूधवाल्याच्या गाडीवर काम करत असे. आठवी झाल्यावर त्याची शाळा सुटली होती, कारण एकाच मुलाला पुढे शिकवणे परवडण्यासारखे होते आणि ती संधी थोरल्या बहिणीला, मेरीला मिळाली. म्हणजे ज्या घरातली दोन लहान मुले नुकतीच गेली आहेत, त्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा रोज सकाळी दुसऱ्यांच्या मुलांसाठी दारोदार दूध पोचवत होता. सँडबर्ग या दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांतून करुणरस पिळून काढत नाहीत. आजारपणाचा आणि दफनाचा खर्च, मग मंदी, मग आक्रसलेले ताट, अशा साध्या क्रमाने कथन पुढे सरकते. वाचकालाच केव्हातरी उमगते की त्या चरबी लावलेल्या पावाच्या वेळी टेबलाभोवतीची दोन माणसे कमी झालेली होती.

अन्नाविषयीच्या या विवेचनात एका पुस्तकाचा प्रसंग मुद्दाम घ्यावासा वाटतो. दारावर आलेल्या पुस्तकविक्रेत्याकडून आईने मुलांसाठी एक ज्ञानकोश विकत घेतला. वडिलांना तो खर्च उधळपट्टी वाटला आणि ते रागावले. या प्रसंगात आई उदार आणि बाप कंजूष अशी सोपी विभागणी करण्याचा मोह वाचकाला होतो, आणि लेखकालाही तो पूर्णपणे टाळता आलेला नाही. वस्तुतः दोघेही एकाच भीतीला उत्तर देत होते. मुलांच्या पोटात भाकर जावी म्हणून बाप नाणे धरून ठेवत होता; मुलांना पुढे भाकरीसाठी आपल्यासारखे वाकावे लागू नये म्हणून आई ते नाणे सोडत होती. आईचा निर्णय फळला म्हणून आज आपण हे पुस्तक वाचत आहोत. बापाचा निर्णय चुकीचा होता, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. ज्याला लिहिता येत नव्हते अशा बापाची कहाणी, त्याची नसलेल्या भाषेत, मुलगा लिहितो आहे. या पुस्तकातील सर्वांत मोठा पर्याय कदाचित हाच असावा, आणि सँडबर्ग त्याची पुरेशी चौकशी करत नाहीत.

या आत्मचरित्राचे दोष येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजेत. ते विस्कळीत आहे. गावातील माणसे, दुकाने, धंदे, खेळ यांच्या याद्या त्यात इतक्या साचतात, की घर काही वेळा त्यांच्याखाली दडून जाते. आईच्या मनातील स्वीडन कसा होता, याचा शोध त्यात जवळजवळ नाही. कॅथर यांनी परक्या बाईच्या बरणीत जे पाहिले, ते सँडबर्ग स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात पाहत नाहीत. आई रांधते, शिवते, धुते, आणि मुलाच्या आठवणीत ती कामाच्या रूपानेच उरते. मुलाची स्मृती ताटाशी प्रामाणिक असते, पण ताट वाढणाऱ्या हातांविषयी ती फार थोडे जाणते. लेखक म्हणून सँडबर्ग यांनी ती उणीव ओलांडावी, अशी अपेक्षा बाळगणे अवाजवी होणार नाही.

मराठी वाचकाने या पुस्तकाकडे वळताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) नंतरच्या आत्मकथनांनी आपल्याला भुकेचे वाचन शिकवले आहे, आणि त्यामुळे सँडबर्ग यांच्या पावाशी आपले नाते चटकन जुळते. पण दोन्ही भुका एक नव्हेत. ऑगस्ट सँडबर्ग यांचे ताट बाजाराने आक्रसवले होते. ते जन्माने ठरवून दिलेले नव्हते, आणि त्यांचा मुलगा त्या घराच्या दारातून बाहेर पडला तेव्हा गावाने त्याला अडवले नाही. हा भेद विसरून केलेली तुलना दोन्ही वाङ्मयांवर अन्याय करते. उलट, हा भेद लक्षात ठेवला, तर सँडबर्ग यांच्या कथनातील समजूतदार सूर कोठून येतो हेही कळते. परतून प्रेमाने पाहण्याची मोकळीक त्यांना मिळालेली होती.

त्या मोकळिकीचीही एक किंमत होती, आणि ती दुसऱ्यांनी मोजली. गेल्सबर्ग गाव १८३७ मध्ये वसले. त्याच्या अवघी पाच वर्षे आधी, १८३२ च्या युद्धानंतर, इलिनॉयमधील सॉक आणि मेस्क्वाकी या आदिवासी जमातींचा त्या भूमीवरील हक्क कायमचा संपवण्यात आला होता. स्वीडिश घरातील टेबल ज्या जमिनीवर मांडले गेले, तिचा हा इतिहास बालपणाच्या आठवणींत सहसा येत नाही. मोबर्ग त्याच्या समोर उभे राहतात. मिनेसोटातील १८६२ चा डकोटा जमातीचा उठाव त्यांच्या कादंबरीमालेत येतो, आणि वसाहतकाराची भूक दुसऱ्या कोणाची भूक निर्माण करते, हे वाचकाला टाळता येत नाही.

मोबर्ग यांच्याच एका प्रतिमेने या विवेचनाचा शेवट करणे उचित होईल. अमेरिकेत क्रिस्तिनाच्या मनातून माहेरचे अस्त्राखान जातीचे सफरचंदाचे झाड जात नाही. माहेराहून बिया मागवल्या जातात, त्या मिनेसोटाच्या मातीत पेरल्या जातात आणि झाड वाढते. कादंबरीमालेच्या अखेरच्या भागात, ती मृत्युशय्येवर असताना, त्या झाडाचे पहिले पिकलेले फळ तिच्या हाती येते. तिला ते माहेरचेच वाटते. आपण घरी पोहोचलो, अशी तिची जाणीव होते. पर्याय कधीच न स्वीकारलेल्या या बाईला खरी वस्तू मिळते ती अशी, अगदी शेवटी.

पण बागाइतीचे साधे ज्ञान असलेल्या कोणालाही ठाऊक असते, की सफरचंदाचे बी आपल्या मातृवृक्षाची हुबेहूब प्रत देत नाही. जात टिकवायची तर कलमच करावे लागते. बियांपासून उगवते ते प्रत्येक वेळी नवे झाड. क्रिस्तिनाने चाखलेले फळ तिच्या माहेरच्या झाडाचे अपत्य होते. पण ते त्या मातीत जन्मलेले, स्वतःची वेगळी चव असलेले फळ होते. मोबर्ग यांच्या मनात हा अर्थ होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. वाचकाला तो दिसल्यावर डोळ्यांआड करता येत नाही. आईच्या जिभेला जी जुनी चव वाटली, ती वास्तविक दुसऱ्या पिढीची होती. मक्याच्या गादीवर जन्मलेला, चरबी लावलेला पाव आवडीने खाणारा आणि आईबापांच्या देशाविषयी त्यांना परक्या असलेल्या भाषेत लिहिणारा गेल्सबर्गचा मुलगा याच बियांतला होता. त्याच्या आठवणींत स्वीडन शोधणाऱ्या वाचकाची निराशा होईल. स्वीडन सोडून आलेल्या दोन माणसांनी एका मुलाला काय खाऊ घालून वाढवले, हे मात्र त्या पानांत नीट नोंदलेले आहे, आणि ती नोंद दुसऱ्या कोणी ठेवली नसती.